दुःखसहनाची कथा आणि मराठी ओवी

ख्रिस्ती धर्माचीं चार शुभवर्तमानें वाचणाऱ्याच्या ध्यानांत एक गोष्ट लवकरच येते. एका पुरुषाचें चरित्र सांगण्यास निघालेले हे ग्रंथ त्याच्या जन्माविषयीं थोडें बोलतात, तारुण्याविषयीं जवळजवळ मौन धरितात, आणि मरणाजवळ येतांच त्यांची चाल मंदावते. मार्काच्या शुभवर्तमानाचे अध्याय १६. त्यांपैकीं शेवटचे सहा यरुशलेमेंतील अखेरच्या कांहीं दिवसांचे आहेत. शिष्यांसह घेतलेलें शेवटचें भोजन, गेथशेमाने बागेंतील रात्र, यहूदाचा विश्वासघात, पेत्राचा नकार, पिलातापुढील चौकशी, फटके, क्रूस आणि कबर, हा क्रम तेथें प्रहराप्रहरानें सांगितला आहे. ज्यांनीं हा धर्म स्वीकारला त्यांच्या दृष्टीनें ही कथा सर्व शिकवणीचा गाभा होय. मग ती शिकावी कशी, आणि ज्यांच्या कानीं ती कधींच पडलेली नाहीं त्यांना शिकवावी कशी, हा प्रश्न प्रत्येक देशांत उभा राहिला. आपल्या मराठी मुलखांत तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्याच्या साष्टी प्रांतांत उभा राहिला, आणि त्याचें उत्तर एका इंग्रज माणसानें मराठी ओवींत दिलें.

टॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडांतील विल्टशर परगण्याचे. त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास झाला. एलिझाबेथ राणीच्या त्या राज्यांत रोमन कॅथलिक पंथास चिकटून राहणें दिवसेंदिवस धोक्याचें होत चाललें होतें. टॉमस पाउंड नांवाच्या मित्राबरोबर रोमला जाऊन जेझुइट संघांत प्रवेश करावा असा त्यांचा बेत होता. परंतु पाउंड पकडले गेले, आणि पुढें त्यांचीं सुमारें तीस वर्षें बंदिवासांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले व १५७५ सालीं संघांत दाखल झाले. १५७९ च्या ऑक्टोबरांत ते गोव्यास उतरले. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १ डिसेंबर १५८१ रोजीं, त्यांच्याच संघाचे एडमंड कॅम्पियन यांस लंडनमध्यें टायबर्नच्या वधस्थानीं देहदंड झाला. श्रद्धेपायीं माणसाला काय सोसावें लागतें हें स्टीफन्स यांना ग्रंथांतून शिकावें लागलें नव्हतें. तें त्यांच्या सोबत्यांच्याच वांट्यास आलें होतें.

या कथेच्या अभ्यासाची एक ठराविक रीति त्यांच्या संघांत होती. संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची साधनेवरील छोटी पुस्तिका १५४८ सालीं छापली गेली. तींत सुमारें तीस दिवसांचा क्रम असून त्याचे चार भाग पाडले आहेत, आणि त्यांतील तिसरा भाग संपूर्णपणें दुःखसहनाच्या कथेस दिलेला आहे. तेथें पाठांतराला किंवा वादविवादाला फारसें स्थान नाहीं. बेथानीहून यरुशलेमेस जाणारा रस्ता साधकानें मनापुढें उभा करावा. तो रुंद आहे कीं अरुंद, सपाट आहे कीं चढउताराचा, हें पाहावें. भोजनाची खोली केवढी आहे तें पाहावें. त्या माणसांचें बोलणें ऐकावें, आणि त्यांच्या दुःखांत आपल्यालाही दुःख व्हावें अशी याचना करावी. आपल्याकडील कीर्तनकार श्रोत्यांकडून जें करवून घेतो त्याहून हें फार निराळें नाहीं. राम वनवासास निघाला असें कीर्तनकार सांगूं लागला म्हणजे श्रोता अयोध्येच्या वेशीवर जाऊन उभा राहतो. दुःखाची कथा समजावयाची तर तिच्या जागीं जाऊन उभें राहावें लागतें, ही जाणीव दोन्हीकडे सारखीच होती.

परंतु साष्टींत शिकवणारा आणि शिकणारा यांच्यामध्यें एक मोठा अडसर होता. स्टीफन्स तेथें आले त्यापूर्वीं, १५६० सालीं, गोव्यांत इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय स्थापन झालें होतें. १५६७ च्या सुमारास साष्टींतील शेंकडों देवळें पोर्तुगीज सत्तेनें पाडलीं. २५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांनीं रोदोल्फो आक्वाव्हिवा यांच्यासह पांच जेझुइटांना व त्यांच्या कांहीं सोबत्यांना ठार मारिलें. पुढें सत्ताधाऱ्यांनीं तेथील प्रमुख गांवकऱ्यांना बोलणीं करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून त्यांचा वध केला. ज्याच्या कथेंत निरपराध माणूस राजसत्तेच्या हातून मरतो, त्या येशूचें नांव घेणारी सत्ताच येथें तलवार धरून उभी होती. ज्या देशांत स्टीफन्स यांचे धर्मबंधु छळले जात होते तो मागें राहिला होता; आतां ज्या देशांत ते शिकवीत होते तेथें त्यांचेच लोक राज्यकर्ते होते. ही विसंगति डोळ्यांआड करून त्यांच्या कार्याचा विचार करतां येत नाहीं.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभींच एक प्रसंग आलेला आहे. साष्टींत मुलांना धर्मशिक्षण दिलें जात असतां एक ब्राह्मण तेथें येतो. तो नव्या धर्मांतलाच आहे. तो म्हणतो, ही शिकवण चांगली. पण तुम्हीं आमचीं पूर्वींचीं पुराणें बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? या मागणीचें वजन ध्यानांत घेण्याजोगें आहे. त्या माणसाजवळ प्रश्नोत्तरांची पुस्तिका होती, नियम होते, प्रार्थना होत्या. नव्हती ती कथा. संध्याकाळीं चार माणसांत बसून ऐकावी, जिच्यांतील ओव्या दळतांकांडतांना ओठांवर याव्या, अशी कथा त्याच्यापासून काढून घेतली गेली होती, आणि तिची जागा रिकामीच राहिली होती. नियमांनीं माणूस बांधला जातो. त्याचें मन भरतें तें कथेनें.

या मागणीचें उत्तर १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. ग्रंथाचे दोन भाग आहेत: पहिल्या पुराणांत जगाच्या उत्पत्तीपासून यहुदी लोकांचा इतिहास, आणि दुसऱ्यांत येशूचा जन्म, शिकवण, दुःखसहन व पुनरुत्थान. दोन्ही मिळून ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या आसपास आहे. भाषा मराठी, मधून मधून कोंकणीची छटा असलेली. ज्या काळांत पैठणास एकनाथांनीं ओवीला घरोघर नेलें, त्याच काळांतली ही ओवी होय. नाथ १५९९ सालीं समाधिस्थ झाले, आणि त्यानंतर सतरा वर्षांनीं हें पुराण छापलें गेलें. स्टीफन्स यांनीं मराठीची जी स्तुति केली ती सर्वश्रुत आहे. परंतु तिच्यापेक्षांही मोलाची गोष्ट ही कीं, ते ही भाषा केवळ वानून थांबले नाहींत. स्वर्गाला त्यांनीं वैकुंठ म्हटलें, येशूला स्वामी म्हटलें. शिकणाऱ्याच्या मनांत जे शब्द आधींच पूज्य होते तेच त्यांनीं हातीं घेतले.

तरीही मुख्य अडचण शिल्लक राहतेच. देवानें मरावें, आणि तेंही गुन्हेगाराच्या मरणानें मरावें, हें ऐकणाऱ्याच्या गळीं उतरणें सोपें नव्हतें. ही अडचण केवळ गोव्याची नव्हती. त्याच संघाचे मातेओ रिची १६०० सालीं चीनमध्यें पेकिंगकडे जात असतां एका खोजा अधिकाऱ्यास त्यांच्या सामानांत क्रूसावरील येशूची मूर्ति सांपडली, आणि ती जारणमारणाची वस्तु असावी असा त्याला संशय आला. मराठी श्रोत्याची स्थिति याहून वेगळी होती. लोकांसाठीं आपलीं हाडें देणारा दधीचि त्याला ठाऊक होता, कबुतरासाठीं आपलें मांस तोडून देणारा शिबि राजा ठाऊक होता, सत्यासाठीं डोंबाघरीं राबणारा हरिश्चंद्र ठाऊक होता. त्यागाचें मोठेपण त्याला नव्यानें शिकवावयास नको होतें. नवें होतें तें एवढेंच कीं, येथें सोसणारा कोणी ऋषि किंवा राजा नसून स्वतः देवच आहे, आणि त्याचा मोबदला म्हणून अखेरीस राज्य किंवा ऐश्वर्य परत मिळत नाहीं. या ठिकाणीं पुराणाचा घाट स्टीफन्स यांच्या उपयोगीं पडला. पुराणांत श्रोता शंका विचारतो आणि वक्ता तिचें समाधान करितो. ख्रिस्तपुराणांतही गुरूसमोर प्रश्न विचारणारा श्रोता आहे. शंकेला ग्रंथांतच जागा दिल्यामुळें ती दडपावी लागली नाहीं.

ग्रंथाची लिपि मात्र रोमन होती. १६०८ सालीं स्टीफन्स यांनीं रोमला संघाच्या प्रमुखांकडे पत्र पाठवून, देशी लिपींत पुस्तकें छापलीं जावींत अशी इच्छा कळविली होती. परंतु अक्षरांचे सहाशेंच्या घरांत जाणारे सांचे ओतणें ही मोठीच अडचण होती. त्यांच्या हयातींत ती दूर झाली नाहीं. १६१९ सालीं ते गोव्यांतच वारले.

त्यांच्या मागून याच वाटेनें आणखी कांहीं लेखक आले. एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटानें संत पेत्राच्या चरित्रावर मोठें मराठी पुराण रचिलें. त्यांत हिंदु देवतांच्या खंडनास पुष्कळ जागा दिलेली आहे. उत्तर कोंकणांत फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश या फ्रान्सिस्कन साधूनें येशूच्या दुःखसहनावर व मरणावरच पुराण लिहिलें, आणि तें १६५९ सालीं लिस्बन येथें छापलें गेलें. तें वसई, साष्टी व मुंबई या भागांतील ख्रिस्ती लोकांत रुजलें, आणि एकोणिसाव्या शतकांत मुंबईस पुन्हा छापण्यांत आलें. ही साष्टी गोव्याची नव्हे, ठाण्याजवळची होय. खंडनाचा ग्रंथ पंडितांच्या कपाटांत राहिला आणि दुःखाची कथा लोकांच्या तोंडीं राहिली, हा फरक बोलका आहे.

मग १६८४ साल आलें. गोव्याच्या व्हाइसरॉयनें हुकूम काढिला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा धरावी. ज्या भाषेनें ख्रिस्तकथा घरोघर नेली तिचाच उच्छेद करण्याचा हा यत्न होता. ख्रिस्तपुराण तोंवर १६४९ व १६५४ या सालीं पुन्हा छापलें गेलें होतें. पण त्यानंतर पुढील अडीचशें वर्षें तें छापलें गेलें नाहीं, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या रूपानें. गोव्यांतून दक्षिणेस कानडा मुलखांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं नकला करून तो जपला, आणि त्यांच्याच घरांतील हस्तलिखितांच्या आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हा छापून निघाला. देवनागरी लिपीचें भाग्य त्यास १९५६ सालीं पुण्यास लाभलें. शिकविणाऱ्यांच्या वारसांनीं जें टाकून दिलें तें शिकणाऱ्यांच्या वारसांनीं राखिलें.

या कथेला मराठींत दुसरा जन्म मिळाला तो महाराष्ट्रांत, आणि तेथें तिच्या पाठीशीं तलवार नव्हती. एकोणिसाव्या शतकांत प्रॉटेस्टंट भाषांतरकारांनीं मराठी बायबल सिद्ध केलें. पोर्तुगीजांपासून आलेल्या 'क्रूस' या शब्दाऐवजीं तेथें 'वधस्तंभ' हा शब्द रूढ झाला. क्रूस हा शब्द तोंवर दागिन्यांत आणि शिखरांवर स्थिरावला होता. वधस्तंभ म्हणतांच ऐकणाऱ्यास कळतें कीं ही माणूस मारण्याची जागा आहे. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. त्यांनीं परदेशी चालींच्या गीतांबरोबरच अभंग, भजन व कीर्तन यांना उपासनेंत जागा करून दिली, आणि तुकोबांच्या वाटेनें आपण ख्रिस्ताकडे पोहोंचलों असें ते मोकळेपणानें सांगत. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून ते स्वतंत्र झाले. 'ख्रिस्तायन' हें त्यांचें महाकाव्य १९१९ सालीं त्यांच्या मृत्यूनें अपुरें राहिलें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. शाळेची पायरी न चढलेल्या एका बाईच्या हातून ही कथा ओवीबद्ध व्हावी, हा त्या कथेच्या मराठींतील प्रवासाचा फार मोठा टप्पा मानावा लागेल.

तीनशें वर्षांच्या या इतिहासांतून एक गोष्ट स्पष्ट होते. दुःखसहनाची कथा सत्तेच्या जोरावर पोहोंचवितां येते. पण तिनें ऐकणाऱ्याच्या अंतःकरणांत घर करावें हें सत्तेच्या हातचें नाहीं, कारण त्या कथेंत सत्ता पिलाताच्या बाजूला उभी आहे. हात धुऊन मोकळा होणारा अधिकारी कथेंत आला कीं ऐकणारा तिच्याकडून आपल्या राज्यकर्त्यांकडे पाहूं लागतो. ती सांगणारा माणूस जेव्हां ऐकणाऱ्याच्या भाषेपुढें नम्र होतो, त्याच्या शंकेला जागा देतो आणि त्याच्या पूज्य शब्दांचा मान राखतो, तेव्हांच ती त्याची होते. स्टीफन्स ज्या व्यवस्थेचे सेवक होते तिच्या दोषांतून त्यांची सुटका करण्याचें कारण नाहीं. पण आपलें पुराण मागणाऱ्या त्या ब्राह्मणाचें म्हणणें त्यांनीं कान देऊन ऐकलें, आणि चाळीस वर्षांच्या वास्तव्यांत त्याला त्याच्याच ओवींत उत्तर दिलें. गोव्यांतील पोर्तुगीज राज्य १९६१ सालीं संपलें. ओवी मात्र राहिली आहे.