दगडाचे दात

श्रोतेहो, घरचे किंवा आजोळचे जाते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दळून दळून त्याचे दगड गुळगुळीत झाले, की पीठ नीट पडेनासे होते. मग जात्याला टाकी लावून घ्यायची. दगड तेच, वजन तेच. मग टाकीने वाढले काय? वाढला तो खडबडीतपणा. आज याच खडबडीतपणाची हकीकत सांगायची आहे, पण ती जात्यातली नव्हे, डोंगरातली.

डोंगर दुरून एकसंध दिसतो. पण विहीर खणणाऱ्याला विचारा. तो सांगेल की खडकाला सांधे असतात आणि पहार घालायची ती सांध्यातच. धरण, बोगदा, घाटरस्ता यांची सुरक्षितताही पुष्कळदा या सांध्यांवरच अवलंबून असते; कारण दगड फुटण्याआधीच तो सांध्यावरून घसरतो.

घसरण्याला विरोध किती होतो, याचा पहिला सुबक हिशेब फ्रेंच लष्करी अभियंता कुलोम याने 1773 साली पॅरिसच्या अकादमीपुढे मांडला. विद्युतभाराच्या एककाला ज्याचे नाव आहे, तोच हा कुलोम. विरोधाचे दोन भाग असतात, असे त्याने दाखवले. एक चिकटपणाचा, आणि दुसरा घर्षणाचा. हा दुसरा भाग वरच्या दाबाच्या प्रमाणात वाढतो. हिशेब सरळ होता. पण डोंगरातला सांधा काही सरळ नसतो!

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात पॅटन नावाच्या संशोधकाने प्लास्टरचे ठोकळे केले आणि त्यांना करवतीसारखे दाते ठेवले. 1966 साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर दाब थोडा असेल, तर वरचा ठोकळा दात्यांवर चढून पुढे सरकतो. या चढणीमुळे विरोध वाढतो. पण दाब फार झाला, तर चढणे जमत नाही आणि दातेच तुटतात. म्हणजे एकाच सांध्याच्या दोन तऱ्हा!

आता खऱ्या खडकात असे सारखे दाते कुठून आणायचे? तेथला खडबडीतपणा मोजायचा कसा? याचे उत्तर नॉर्वेत काम करणाऱ्या निक बार्टन याने 1973 साली सुचवले. पुढे 1977 साली बार्टन आणि चौबे यांनी सांध्यांच्या दहा नमुनारेषा छापल्या. त्यांत अगदी सपाट सांध्याला 0 च्या जवळचा अंक आणि अतिशय खडबडीत सांध्याला 20 पर्यंतचा. मोजायचे साधन म्हणजे बारीक सळ्यांचा एक कंगवा. तो दगडावर दाबला, की सळ्या उंचसखल सरकतात आणि सांध्याची रेषा उमटते. ती नमुन्यांशी ताडून अंक ठरवायचा.

या अंकाचे काम पाहा. समजा, गुळगुळीत कापलेले दोन दगड 30 अंशांच्या उतारावर घसरतात आणि आपल्या सांध्याचा अंक 10 आहे. सांध्याकडचा दगड जेवढा दाब सोसू शकतो, तो प्रत्यक्ष दाबाच्या 100 पट असेल, तर कोनात 20 अंशांची भर पडते. 10 पटच असेल, तर भर 10 अंशांची. वरचा दाब वाढला, तशी दात्यांची मदत घटली. 10 टन दाबाखालचा गुळगुळीत सांधा जवळजवळ 6 टनांच्या रेट्याने सरकेल. 50 अंशांच्या सांध्याला सुमारे 12 टन लागतील.

पण दात्यांच्या मधे चिखल भरला तर? इटलीत व्हायोंतचे धरण सुमारे 262 मीटर उंच. 9 ऑक्टोबर 1963 च्या रात्री जलाशयाच्या काठचा तोक डोंगर घसरला आणि सुमारे 27 कोटी घनमीटर दगडमाती पाण्यात कोसळली. लाट धरणावरून उसळली आणि खाली लोंगारोने गाव वाहून गेले. जवळजवळ 2000 माणसे दगावली. धरण मात्र उभेच राहिले. पुढे 1985 साली हेंड्रन आणि याच पॅटनने अभ्यास करून दाखवले, की ही जुनीच घसरण पुन्हा जागी झाली होती आणि ती चिकणमातीच्या थरांवरून सरकली. दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांना भिडलेच नाहीत, तर त्यांच्या कठीणपणाचा काय उपयोग?

म्हणून सांधा पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात: तो किती खडबडीत आहे, त्यावर दाब किती आहे आणि त्यात भरले आहे काय.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे वर्गात करून पाहता येईल. एक वीट मधोमध मोडा. दोन्ही तुकडे मोडल्या बाजूने एकमेकांत बसवून फळीवर ठेवा. खालचा तुकडा खिळ्यांनी अडवा, फळी हळूहळू उचला आणि वरचा तुकडा घसरला तो कोन मोजा. मग मधे ओल्या मातीचा जाड थर देऊन पुन्हा मोजा. दोन्ही आकडे मुलांना फळ्यावर लिहू द्या आणि फरक का पडला, ते त्यांनाच सांगू द्या.