चांदणीवरची अळी आणि जपानचे रेशीमकिडे



श्रावणात आमच्या चिखलीच्या अंगणातली चांदणी दोन रात्रींत निष्पर्ण झाली. बोटाएवढी हिरवी अळी, शेपटीला काटा. दुकानदाराने बीटीची पुडी दिली. ‘‘ताई, जैविक आहे, काळजी नको.’’ सासूबाईंनी विचारलं, ‘‘जैविक म्हणजे जीव वाचतो का गं?’’ मला उत्तर देता येईना, म्हणून पुडीचा इतिहासच वाचून काढला.

१९०१ साली जपानात इशिवाता या शास्त्रज्ञांना पटापट मरणाऱ्या रेशीमकिड्यांत एक जिवाणू सापडला. १९११ मध्ये जर्मनीतल्या बर्लिनर यांना तोच जिवाणू पिठातल्या पतंगाच्या अळीत दिसला, आणि थुरिंगिया प्रांतावरून त्याचं नाव पडलं. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये त्याचं औषध विकायला आलं. फवारलेलं पान खाल्लं की अळीचं आतडं फाटतं, खाणं थांबतं आणि काही दिवसांत ती मरते. २००२ पासून परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीत याच जिवाणूचं जनुक आहे. आपल्या जिल्ह्याला ते नवं नाही. रासायनिक विषापेक्षा हे सौम्य, हे मान्य. पण किडे मरतात म्हणून आपण रेशीम नेसत नाही, आणि त्याच किड्यांच्या रोगाची पुडी निर्धास्त घरात आणतो!

कडुनिंबाची गोष्ट वेगळी. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या प्रधान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की निंबोळीचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. कडूपणामुळे किडा दूर राहतो. अर्थात निंबोळी अगदीच निर्दोष नाही. ती पोटात गेली तर अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडते आणि ती मरूही शकते. म्हणून अळ्या असलेल्या झाडावर मी फवारत नाही.

आधी अळ्या कागदावर अलगद घेऊन शेताच्या बांधावरच्या चांदणीवर सोडते. मग ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारते. पाऊस झाला तर पुन्हा. यंदा बारा अळ्या हलवल्या. सासूबाईंनी मोजल्या होत्या. बांधावरची चांदणी सध्या फारशी बघण्यासारखी नाही.