सागाची चौकट, वेताची जाळी
रत्नागिरीतल्या जुन्या घरांत जेवणाच्या टेबलाभोवती सागाच्या, वेत विणलेल्या खुर्च्या अजून दिसतात. या खुर्च्यांची कुळकथा सांगायची तर ब्रह्मदेशाच्या थिबा राजापासूनच सुरुवात करावी लागते.

बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली मुंबईत स्थापन झाली. ब्रह्मदेशातले सागाचे ओंडके कमी दाखवून राजाचा महसूल बुडवल्याबद्दल मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला जबर दंड ठोठावला. फ्रेंचांच्या धास्तीने आधीच अस्वस्थ असलेल्या इंग्रजांना तेवढं निमित्त पुरलं. नोव्हेंबरात मंडाले पडलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये पदच्युत राजा रत्नागिरीत येऊन पोचला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये त्याने इथेच देह ठेवला. ज्या लाकडापायी त्याचं राज्य गेलं, ते ‘बर्मा टीक’ म्हणून सुतारांच्या तोंडी बसलं. आजही जुनी खुर्ची विकणारा आधी तेच नाव घेतो. सागात अंगचंच तेल असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. कोकणात एवढा गुण पुरेसा आहे.

बैठकीच्या वेताचं कूळ वेगळं. आग्नेय आशियातला हा वेत सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांतून युरोपात गेला. १६६६ च्या आगीनंतर लंडन नव्याने उभं राहत होतं, तेव्हा तिथे वेताच्या खुर्च्यांची मोठी चलती झाली: हलक्या, स्वस्त आणि कसर न लागणाऱ्या. पुढे साहेबाच्या बंगल्यातून आणि कचेरीतून तीच बैठक आपल्याकडे रुळली. घरात मात्र माणसं पाटावरच जेवत होती. जेवणाचं टेबल मध्यमवर्गीय घरांत सर्रास शिरलं ते विसाव्या शतकाच्या मध्याला, आणि त्याच्याबरोबर या खुर्च्या आल्या. त्याच सुमारास चंदीगडच्या कचेऱ्यांसाठी वास्तुकार पिएर जानरे साग आणि वेत घेऊनच खुर्च्या घडवत होता. पुढे त्या भंगारात निघाल्या आणि परदेशी लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या.

वीण जवळून पाहावी. चौकटीला कडेने भोकं असतात. वेताच्या सालीच्या पट्ट्या भिजवून मऊ करतात. आधी उभ्या, मग आडव्या, परत उभ्या, परत आडव्या पट्ट्या ओढायच्या. शेवटी दोन्ही बाजूंनी तिरप्या. सहा फेऱ्या झाल्या की अष्टकोनी घरांची जाळी दिसू लागते. सुकताना पट्टी आखडते आणि बैठक ताणली जाते. हे काम बोटांच्या जाणिवेवर चालतं. म्हणूनच अंधांच्या शाळांत ते शिकवलं गेलं आणि सरकारी कचेऱ्यांतल्या कितीतरी खुर्च्या अंध कारागिरांनी विणल्या.

अशी खुर्ची दुरुस्तीला काढली की पहिला सल्ला मिळतो, ‘प्लाय ठोका, वर फोम घाला.’ तो ऐकू नये. इथल्या पावसाळ्यात फोम ओल धरतो, कुबट वास मारतो. जाळीतून वारा खेळतो, त्यासाठीच तर ती बैठक आहे. खिळ्यांनी चौकट फुटते ते वेगळंच. सांधे डगमगत असतील तर ते खिळ्यांनी आवळू नयेत. जुना जोड बहुधा सरसाचा असतो. ऊब आणि ओल दिली की तो सुटतो आणि साफ करून पुन्हा बसवता येतो. पॉलिश चपडा लाखेचं, स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने हात द्यावेत, तेही दसरा उलटल्यावर. भर पावसात केलं तर त्यावर पांढुरकी झाक येते.

बाजारात तयार विणलेली जाळीही मिळते. चौकटीला सलग खाच असेल तर ती दाबून बसवता येते. कडेला भोकं असतील तर मात्र हातानेच विणून घ्यावी. चार खुर्च्यांना वेळ लागतो, पैसेही लागतात, आणि ते द्यावेत.