वंशावळीत नसलेल्या लेकी

पहाडगंज भागातील मराठी घरांत अलीकडे एक प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. घरात एकीला स्तनाचा वा बीजकोशाचा कर्करोग झाला, तर बाकीच्यांनी रक्त देऊन जनुकपरीक्षा करून घ्यावी काय? प्रश्न नवा वाटतो खरा. परंतु त्याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा आरंभ घरगुती वंशावळीत झालेला आहे.

पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ साली आपल्या पत्नीच्या माहेरची वंशावळ प्रसिद्ध केली. पिढ्यानुपिढ्या स्तनाचा कर्करोग त्या एकाच घराण्यात उतरत आला होता. पुढे १८९५ मध्ये अमेरिकेतील मिशिगनचे डॉक्टर ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले की, आपल्या घरची माणसे कर्करोगाने जातात, तशी आपणही जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिननी तिचे म्हणणे हसण्यावारी नेले नाही. त्या घराण्याची टिपणे ठेवून ती १९१३ साली छापली. त्या घराण्यातील जनुकदोष नेमका कोणता, हे सापडण्यास मात्र २००० साल उजाडावे लागले. बाईचे शब्द खरे होते, एवढे सिद्ध होण्यास शंभरावर वर्षे गेली!

आपल्याकडे डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी मुंबईत कर्करोगाच्या संशोधनाचा पाया घातला, तो निराळ्या अंगाने. धोतर वा लुगडे कमरेला घट्ट आवळल्याने होणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी १९४५ मध्ये वर्णिला. त्यांचा भर चालीरीतींवर होता, आणि तो अनाठायी नव्हता. कारण शंभर रोग्यांत पाच ते दहांचाच कर्करोग वारशाने आलेला असतो. त्या थोड्यांसाठीच आजची परीक्षा आहे. १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या जनुकाची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखविली; १९९४ मध्ये बीआरसीए-१ आणि १९९५ मध्ये बीआरसीए-२ ही जनुके हाती आली. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या सुमारे सत्तर टक्के स्त्रियांना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो.

परीक्षेपूर्वी डॉक्टर तीन पिढ्यांची हकीकत विचारतात, आणि येथेच आम्हां परप्रांतस्थांची पंचाईत होते. आमच्या वंशावळी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सुखरूप आहेत. परंतु त्यांत लेकी क्वचितच, आणि मृत्यूचे कारण तर नाहीच. आत्या लग्नानंतर दुसऱ्या आडनावात गेली. तिच्याविषयी एवढेच ठाऊक की, ‘पोटात गाठ होती’. दोष पित्याकडूनही मातेइतक्याच संभवाने येतो, हे कळल्यावर ही विस्मृती महाग पडते.

परीक्षा प्रथम रोग्याची व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात, ते याच कारणाने. घराण्यातील दोष ठाऊक नसता निरोगी मुलीचे रक्त तपासले आणि काही सापडले नाही, तर त्या निर्वाळ्यास फारसा अर्थ राहत नाही. उलट रोग्यात दोष सापडला, तर तिच्या प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा. आणि ज्याला तो नाही, त्याची त्या भयातून खरोखरीच सुटका होते. कधी तर अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. भारतीयांची जनुके कमी तपासली गेल्यामुळे आपल्या वाट्यास तो अधिक येतो.

भय आणखी एक आहे, ते विम्याचे. हृदयविकाराच्या एका दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली आनुवंशिकतेच्या सबबीवर हक्क नाकारणे हा भेदभाव ठरविला. पुढे तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. लग्नाच्या बाजारातील भयास मात्र कोणतेच न्यायालय नाही.

इतके असूनही, दोष निश्चित झालेल्या घरातील सज्ञान मुलामुलींनी परीक्षा करून घ्यावी, असे आमचे मत आहे. वेळीच तपासण्या वाढविता येतात, अपत्ये झाल्यावर बीजकोश काढून टाकण्याचा विचार करता येतो. परंतु नको म्हणणाऱ्या बहिणीवर सक्ती नसावी, आणि तिच्या वाटचा निकाल भावाने परस्पर जाहीर करू नये. दिवाळीच्या रजेत गावी जाणाऱ्यांनी आत्याच्या मुलींकडे जरूर जावे, आणि तिला नेमके काय झाले होते, कितव्या वर्षी झाले, हे लिहून आणावे.