'फेअर' : एका सौंदर्यवाचक शब्दाचा इतिहास

इंग्रजी शिकविताना 'ब्यूटिफुल' म्हणजे सुंदर आणि 'फेअर' म्हणजे गोरा, असे अर्थ फळ्यावर लिहून आपण शिक्षक मोकळे होतो. वस्तुतः इंग्लंडात कित्येक शतके सुंदर या अर्थाचा रोजच्या बोलण्यातील शब्द 'फेअर' हाच होता. 'ब्यूटिफुल' हा त्या मानाने पुष्कळच उशिरा आलेला पाहुणा.

1066 मधील नॉर्मन विजयाच्या पूर्वीपासून हा शब्द इंग्रजीत आहे. गॉथिक भाषेतील त्याच्या भावंडाचा अर्थ 'योग्य' असा होतो. पुरुष, स्त्री, भूमी, वाणी, आकाश, या सर्वांना तो लागे व त्यात वर्णाचा संबंध नसे. नॉर्मनांबरोबर फ्रेंच भाषा दरबारात आली आणि कालांतराने तिच्यातील 'ब्यूटी' इंग्रजीत रुजला. त्याचे मूळ लॅटिन 'बेल्लुस' हे 'चांगला' या अर्थाच्या 'बोनुस' शब्दाच्या लघुत्वदर्शक रूपातून निघाले आहे. आपल्याकडे प्रवास उलट झाला. संस्कृत 'चंग' म्हणजे सुंदर, आणि त्याचा वंशज 'चांगला' मात्र गुणवाचक!

या दोन शब्दांतील पालट बायबलच्या भाषांतरांत स्पष्ट दिसतो. यरुशलेमच्या मंदिराच्या एका दरवाजाला चौदाव्या शतकाच्या अखेरच्या विक्लिफप्रणीत भाषांतरात 'फेअर' म्हटले आहे. 1526 साली टिंडेलने तेथे 'ब्यूटिफुल' योजला. मूळ ग्रीक शब्द आहे 'होराइओस', म्हणजे योग्य वेळी आलेले, ऐन बहरातले. त्यातील 'होरा' म्हणजे काळ, घटका. आपल्या ज्योतिष्यांचा 'होरा' याच ग्रीक शब्दावरून आलेला आहे, हे येथे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

'ब्यूटिफुल' स्थिरावत असतानाच, सोळाव्या शतकात, 'फेअर'ला गोरेपणाचा अर्थ चिकटला. सोनेरी केस व शुभ्र कांती हेच सौंदर्य, असा संकेत तत्कालीन प्रेमकाव्यात रूढ होता. प्रशंसेचा शब्द हळूहळू प्रशंसेच्या विषयाचेच वर्णन करू लागला. शेक्सपिअरला यातली विसंगती बोचली असावी. 1609 मध्ये छापलेल्या त्याच्या सुनीतांपैकी 127 वे सुनीत काळ्या रंगाला 'फेअर' का म्हणत नसत, या प्रश्नावरच उभे आहे.

इतर अर्थ आपल्या शाळांतच नांदत आहेत. निष्कलंक या अर्थाची 'फेअर वही' प्रत्येक मुलाच्या दप्तरात असते. निःपक्षपाती हा अर्थ खेळाच्या मैदानावर ऐकू येतो. आणि प्रगतिपुस्तकावर आपण 'फेअर' असा शेरा मारतो तेव्हा तर बेताचाच, एवढाच अर्थ उरतो. (जत्रेला 'फेअर' म्हणतात तो शब्द निराळा, तो लॅटिन 'फेरिया'पासून आला.)

पण आपल्या देशात या शब्दाने जे केले ते इतके निरुपद्रवी नाही. विवाहविषयक जाहिरातींत तो मुलीच्या अंगी असावयाच्या पात्रतेसारखा छापला गेला. 1975 साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध मलमाच्या नावातच तो होता व 2020 साली तो वगळण्यात आला. दोष सगळा इंग्रजीच्या माथी मारणे बरोबर नव्हे. 'गोरीगोमटी' हा जोडशब्द आपलाच आहे, आणि 'गोमटी' म्हणजे नुसती सुंदर. 'गोरी' तिला आपणच जोडली. तरीही ज्या भाषेतल्या संतांनी सावळ्या विठ्ठलाचे रूप डोळे भरून पाहिले, त्या भाषेच्या मुलांना 'फेअर' म्हणजे गोरा एवढेच शिकविणे मला अपुरे वाटते.

याचा प्रत्यय वर्गात 'मॅकबेथ' काढला की येतो. पहिल्याच प्रवेशात चेटकिणी 'फेअर'च्या विरुद्ध 'फाउल' ठेवतात. 'फाउल' म्हणजे ओंगळ, कुरूप; काळा नव्हे. 'फेअर'चा अर्थ गोरा एवढाच ठाऊक असलेला विद्यार्थी तेथेच अडतो, आणि नाटकाची वाट चुकतो.