बर्मा टीकचा झोपाळा

जुन्या घरात सागवानी वस्तू असली, की ती 'बर्मा टीक'चीच असते. साधा साग फक्त शेजाऱ्यांकडे आढळतो. पेणजवळच्या जिते गावी आमच्या ओटीवर एक झोपाळा आहे. आजोबा येईल त्याला सांगत, "बर्मा टीक! थिबा राजापायी कोकणात आलेलं लाकूड."

यंदा घराच्या वाटण्या निघाल्या. काकांना पैसे हवे होते, आत्याला झोपाळा. जुन्या फर्निचरचा व्यापारी म्हणाला, "बर्माचा असेल तर दुप्पट देतो." खात्री करून घेण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बँकेत आहे आणि सगळ्यांचा असा समज आहे, की बँकवाल्याला खरं-खोटं कळतं.

राजाची गोष्ट खरी निघाली. १८६३ साली मुंबईत निघालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशातला साग तोडून नेत असे. १८८५ साली मंडालेच्या दरबाराने ठरवलं, की कंपनीने ओंडके नेले जास्त आणि पैसे भरले कमी ओंडक्यांचे. दंड झाला सुमारे २३ लाख रुपये. आमच्याकडे असा फरक निघाला तर रात्री नऊपर्यंत बसून तो शोधतात. इंग्रजांनी फौज पाठवली! फ्रेंच तिथे शिरतील ही धास्ती त्यांना होतीच, ओंडक्यांनी निमित्त पुरवलं. नोव्हेंबरात लढाई सुरू झाली आणि त्याच महिन्यात मंडाले पडलं. १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा.

थिबाला बायकामुलांसकट रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठीचा राजवाडा तयार झाला १९१० साली, म्हणजे तब्बल चोवीस वर्षांनी. सरकारी क्वार्टर्ससाठी रडणाऱ्या माझ्या मेहुण्याला मी हा आकडा मुद्दाम ऐकवतो. त्या वाड्याला बर्माचाच साग वापरला. ज्या लाकडापायी राज्य गेलं, त्याच्याच सोबतीत राजा १९१६ साली वारला. कंपनी अजून आहे, आणि ब्रिटानियात तिचा मोठा वाटा आहे. चहात बिस्किट बुडवताना हल्ली मला उगीच थिबा आठवतो.

पण आपला साग काय कमी? जात तीच. अंगात तेल, त्यामुळे वाळवी तोंड लावत नाही. आणि लोखंडी खिळा ओकमध्ये गंजतो तसा यात गंजत नाही. म्हणून तर जहाजांना साग. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेलं 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. त्याच्या शंभरएक वर्षं आधी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलं होतं, की आरमारासाठी जंगलातला साग तोडायचा तर हुजूरचा परवाना घ्या, आणि रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नका.

शेवटी गावच्या सुतारांना बोलावलं. त्यांनी फळी उलटी केली, कडेला रंधा मारला, भुसा हुंगला.

"दादा, हा आपल्या डोंगरातला."

"नक्की?"

"ही गाठ बघा, रेषा बघा कशी वळलीय. बर्माचा माल सरळ असतो. पण लाकूड पक्कं आहे हो, गाभ्याचं आहे."

काकांचा चेहरा पाहवेना. आजोबा आयुष्यभर खोटं बोलले, हे ऐंशी ओलांडलेल्या आत्याला सांगायचं कसं, या विचारात मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती कुळीथ निवडत होती.

"बर्माचा कुठला रे!" मान वर न करता ती म्हणाली. "मागच्या वाडीतला साग. कोवळी पानं चोळून आम्ही पोरी हात लाल करायचो, तोच. बाबांनी तोडला, तेव्हा परवाना कुठे होता? झोपाळा टांगला नि आठवड्यात फॉरेस्टचा गार्ड दारात. बाबा म्हणाले, रत्नागिरीहून आणलाय, बर्माचा आहे."

"मग?"

"मग काय! चहा प्यायला, दोन झोके घेतले नि गेला. परत येईल म्हणून बाबा जन्मभर तेच सांगत राहिले."

व्यापाऱ्याला मी खरं तेच सांगितलं. त्याने भाव निम्मा केला. काकांनी मनात तीन भागांचा हिशेब केला आणि म्हणाले, "एवढ्यासाठी कोण विकतो? राहू दे." आत्याने कुळथाचं सूप उचललं आणि झोपाळ्यावर जाऊन बसली.