बेंबळीहून मस्कीकडे: सोन्याच्या जुन्या खाणी आणि अशोकाचे नाव

बेंबळीच्या शिवारात विहीर खोदताना आधी माती लागते, मग मुरूम, आणि पुढे सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेल्या लाव्हाचा हा खडक. त्यात सोन्याची शीर नसते. पण त्याच्या तळाशी काय आहे, हे आपल्या भागाला फार मोठी किंमत मोजून कळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. ३३८ मीटरवर काळा पाषाण संपला आणि थोड्या गाळाच्या थराखाली सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा पायाचा खडक लागला. आपल्याकडे इतका खोल गाडला गेलेला हा प्राचीन पाया दक्षिणेला कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबात उघड्यावर येतो. त्या दुआबातच हट्टी आणि मस्कीचा सोन्याचा पट्टा आहे.

हा मुलूख आपल्याला परका वाटतो, तो १९५६ नंतरच्या नकाशामुळे. त्याआधी दुआबातला रायचूर आणि आपला धाराशिव हे दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानचे जिल्हे होते. १८५३ च्या तहाने इंग्रजांनी वऱ्हाडासोबत रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख एकदमच आपल्या हाती घेतला आणि १८६० च्या तहाने हे दोन्ही निजामाला परत दिले. नळदुर्गचा कारभार पाहणारा मेडोज टेलर त्याआधी दुआबाच्या शेजारच्या सुरपूर संस्थानात होता आणि तिथली प्राचीन शिळावर्तुळे त्याने उकरून, मोजून, लिहून ठेवली.

रायचूर वाळवंट नव्हे, पण अवर्षणाचा मुलूख खराच. उघडे माळ, तापलेले ग्रॅनाइटचे धोंडे आणि मधूनमधून जुन्या खाणींचे बुजलेले खड्डे. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट १८७० आणि १८८८ मध्ये मस्कीला येऊन गेला आणि तिथल्या प्राचीन वस्तीच्या खुणा त्याने नोंदवल्या. पुढे १९१५ साली सी. बीडन नावाचा सोन्याच्या खाणींचा इंग्रज अभियंता या भागात हिंडत असताना मस्कीच्या टेकडीवरील एका शिळेवर त्याला ब्राह्मी अक्षरे दिसली. हैदराबादचे पुरातत्त्व खाते तेव्हा जेमतेम वर्षाचे होते आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख होते. खात्याच्या ग्रंथमालेचा पहिलाच अंक हा लेख घेऊन त्याच वर्षी निघाला. वाचन एच. कृष्णशास्त्री यांचे.

लेख आठ ओळींचा आहे, अक्षरे जागोजागी झिजली आहेत. राजा सांगतो की अडीच वर्षांहून अधिक काळ तो उपासक आहे, आणि धर्माचे फळ थोरांनाच नव्हे तर लहानांनाही मिळू शकते. असे लेख आधीही सापडले होते. मस्कीचे वेगळेपण पहिल्याच ओळीत आहे: तिथे ‘देवानंपिय’ या बिरुदापुढे ‘असोक’ हे नाव कोरलेले आहे. हा शोध लागेपर्यंत अशोक कोण हे जगाला ठाऊकच नव्हते, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी उलगडली आणि त्याच वर्षी सिंहली बखरींच्या आधारे जॉर्ज टर्नरने लेखांतला ‘पियदसि’ राजा म्हणजे अशोक हे दाखवून दिले. पण ती सांगड ग्रंथांवरून घातलेली होती. मस्कीने ती राजाच्या स्वतःच्या लेखात दिली. अनुमानाचा पुरावा झाला, आणि इतिहासात हा फरक फार मोठा आहे.

मग पाटलीपुत्राच्या राजाला या रखरखीत टेकडीवर लेख कोरावासा का वाटला? १८९२ मध्ये बी. एल. राइस यांना चित्रदुर्ग भागात सापडलेल्या अशोकलेखांत आज्ञा ‘सुवर्णगिरी’हून निघाल्याचे लिहिले आहे. म्हणजे दक्षिणेतल्या मौर्य ठाण्याच्या नावातच सोने होते. कोणी सुवर्णगिरी मस्कीजवळच्या कनकगिरीला मानतात, कोणी कर्नूल जिल्ह्यातल्या जोन्नगिरीला. जोन्नगिरीच्या जवळच एर्रगुडीचे अशोकलेख आहेत आणि ते १९२९ मध्ये उजेडात आणणारे अनु घोष हेही भूवैज्ञानिक. खनिजे शोधणाऱ्यांना अशोक भेटत गेला, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही.

तरीही हट्टीच्या जुन्या खाणी मौर्यांच्या, असे म्हणण्याआधी थांबायला हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी हट्टीला नव्याने काम सुरू झाले तेव्हा प्राचीन खोदकाम ६४० फूट खोल गेल्याचे दिसून आले. लिओनर्ड मन या खाणतज्ज्ञाने १९३० च्या दशकात त्याचे वर्णन छापले. खडकाला लाकडे रचून आग लावायची, तापलेला दगड पाण्याने तडकवायचा, सैल झालेली गार छिन्नीने काढून वर आणायची, ग्रॅनाइटच्या खळग्यांत दगडी वरवंट्याने कुटायची आणि पाण्यात धुऊन कण वेगळे करायचे. इजिप्तच्या वाळवंटातल्या सोन्याच्या खाणींत आगीने खडक फोडण्याची हीच रीत होती, असे अगाथार्किडीस या ग्रीक लेखकाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात लिहिले आहे. तिथे राबणारे कैदी आणि गुलाम होते, हेही त्याने लपवलेले नाही. हट्टीतल्या माणसांबद्दल असे कोणी लिहिले नाही. धूर, उष्णता आणि अंधार यांत ६४० फूट उतरलेल्या त्या मजुरांचे एकही नाव उरलेले नाही.

त्यांच्या हातची लाकडे मात्र उरली. खाणीत २५० फुटांवर सापडलेल्या लाकडांची कार्बन-चाचणी झाली आणि रेमंड ऑलचिन यांनी १९६२ मध्ये तिचा आधार घेऊन लिहिले. काळ निघाला इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे अशोकानंतर सुमारे तीनशे वर्षांचा, सातवाहनांचा. वरचे, उथळ खोदकाम त्याहून जुने असणे शक्य आहे. पण हातातला पुरावा सातवाहनकाळ सांगतो आणि आपणही तेवढेच म्हणावे.

त्याच पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरच्या तगर नगराचा उल्लेख आहे. तिथले कापड गाड्यांतून भडोचला जाई, आणि भडोचला परदेशी जहाजांतून येणाऱ्या मालात सोन्याचांदीची नाणीही असत. तगर म्हणजे आपले तेर. हट्टीच्या खाणीत लाकडाचे टेकू बसत होते तेव्हा बेंबळीच्या पंचक्रोशीतला बाजार समुद्रापारच्या व्यापाराशी जोडलेला होता. हट्टीचे सोने तेरला आले, असे सांगणारा कागद नाही, म्हणून मी ते लिहीत नाही.

कोलार २००१ मध्ये बंद पडल्यावर हट्टी हीच देशातली सोन्याची मुख्य खाण उरली. दोन दिवसांची सवड काढून कोणी एकटेच निघणार असेल, तर आधी तेरचे लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहा, मग लिंगसुगूर-सिंधनूर रस्त्यावर मस्कीला उतरून तो शिलालेख पाहा. जुन्या खड्ड्यांत मात्र एकट्याने उतरू नका. तळाशी कोंडलेली हवा दिसत नाही आणि कडा कधीही ढासळते.